वरच्या कप्प्यातलं दूध

माझ्या एका वार्षिक रिव्ह्यूत असं लिहिलंय की माझं तांत्रिक काम उत्तम आहे, पण माझ्याबरोबर काम करणं अवघड जातं. इंग्रजीत ते जरा मऊ शब्दांत होतं, अर्थ मात्र हाच. ते वाचून मला वाईट वाटलं असं मी घरी सांगितलं, पण ते खोटं होतं. मला बरं वाटलं होतं. ज्या कामामुळे ते वाक्य लिहिलं गेलं ते मी उद्या पुन्हा करीन, आणि या खेपेला जरा मोठ्या अक्षरांत करीन.

काम काय ते आधी सांगते. बर्मिंगहॅममध्ये कालव्याच्या कडेला एका जुन्या गोदामात औषधांचे फ्रिज बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे मी नोकरीला होते. हे फ्रिज हॉस्पिटलच्या फार्मसीत असतात. प्रत्येकाच्या आत तळहाताएवढा एक बोर्ड असतो, त्यावर एक बारका कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरचा जो अगदी तळाचा प्रोग्रॅम तो म्हणजे कर्नल. कर्नल मी लिहायचे असं म्हटलं तर ती फुशारकी होईल. तो जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला असतो आणि कुणालाही घेता येतो. त्याला आमचा बोर्ड समजावून सांगणं एवढंच माझं काम.

आणि ते समजावून सांगावंच लागतं. लोकांना वाटतं कॉम्प्युटरला सगळं आपोआप कळतं. घरच्या लॅपटॉपला माऊस लावला की तो स्वतःच सांगतो, मी माऊस आहे. आमच्या बोर्डाला जोडलेल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरला असं तोंड नसतं. दोन तारांची एक लाइन असते, तिला बस म्हणतात, आणि त्या लाइनीवर सगळे सेन्सर मुकाट बसलेले असतात. नेमक्या पत्त्यावर हाक मारली तरच ओ देतात. म्हणून कुणीतरी माणसाने एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं असतं की या बसवर, या पत्त्यावर, अमुक सेन्सर आहे. त्याला डिव्हाइस डिक्लेअर करणं म्हणतात. एकदा लिहिलं की कर्नल त्या सेन्सरला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलू शकणारा प्रोग्रॅम, जोडून देतो. नाही लिहिलं, तर सेन्सर बोर्डाला तारेने जोडलेला असो, सगळ्यांना डोळ्यांनी दिसत असो, कर्नलच्या लेखी तो नाहीच.

हे 'लेखी नाही' प्रकरण मला पहिल्यापासून झोंबतं. आम्ही या देशात आलो तेव्हा बँकेला पत्त्याचा पुरावा हवा होता आणि घर भाड्याने देणाऱ्या एजंटला बँकेचं खातं. मी पासपोर्ट हातात धरून काउंटरपुढे उभी होते आणि समोरची बाई अतिशय नम्रपणे सांगत होती की सिस्टिममध्ये मी दिसत नाही. मी म्हटलं, बाई, मान वर करा, दिसेन. हे मनातल्या मनात म्हटलं, कारण तेव्हा नवीन होते.

तर त्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट लिहिता येते, ती म्हणजे सेन्सरचा नंबर. ती सक्तीची नसते. तुम्ही नंबर दिला नाही तर कर्नल स्वतः देतो. फ्रिज सुरू होताना जो सेन्सर पहिला ओ देईल तो पहिला, त्याच्या मागचा दुसरा. शाळेत बाईंनी रोज जेवढ्या मुली हजर असतील तेवढ्यांनाच नव्याने एक, दोन, तीन असे नंबर दिले तर काय होईल? पहिली मुलगी आजारी पडली की दुसरी पहिली होईल आणि तिचे मार्क भलतीच्याच खात्यात जातील. म्हणून नंबर ठोकून ठेवायचा असतो. हा पत्ता म्हणजे पहिला, तो पत्ता म्हणजे दुसरा, मग कुणी हजर असो नाहीतर गैरहजर. एका सेन्सरला एक ओळ लागते.

ती ओळ मी लिहिली नव्हती.

आमच्याकडे नव्या बोर्डाची फाइल कोऱ्या पानापासून कुणीच लिहीत नसे. जुन्या बोर्डाची उचलायची, नाव बदलायचं, जिथे फरक असेल तिथे हात फिरवायचा. सगळीकडे असंच चालतं आणि एरवी त्यात काही गैरही नाही. पण आमच्या जुन्या मॉडेलला एकच कप्पा होता, एकच सेन्सर. एकुलत्या एकाला नंबर कशाला ठोकायचा? नव्या मॉडेलला वर एक आणि खाली एक असे दोन कप्पे आले. मी जुनी फाइल उचलली, सेन्सरच्या ओळींची नक्कल त्यांच्याच खाली डकवली, पत्ता बदलला. दोन्ही कप्प्यांचं तापमान स्क्रीनवर बरोबर दिसलं. मग 'बोर्ड आणि फाइल जुळतात' अशा अर्थाचा एक फॉर्म असतो, त्यावर मी सही केली. फ्रिज हॉस्पिटलांमध्ये गेले. मी त्या दिवशी घरी जाताना केक नेला होता हेही सांगून टाकते.

आता दूध. आमच्या टेस्ट रूममध्ये त्याच नव्या मॉडेलचा एक फ्रिज अहोरात्र चालू असे. त्यात खाण्यापिण्याचं काही ठेवायचं नाही असा नियम दारावरच चिकटवलेला होता, आणि दाराच्या आत टी-क्लबच्या, म्हणजे वर्गणी काढून चालवलेल्या ऑफिसच्या चहाच्या, दुधाचा मोठा कॅन असे. किचनमधला फ्रिज सगळ्यांच्या डब्यांनी भरलेला, आणि शिवाय हा बरोबर चार अंशांवर चालतो, असं टी-क्लब चालवणाऱ्याचं म्हणणं होतं. टी-क्लब चालवणारा म्हणजे आमचा हार्डवेअरवाला. साठी उलटलेला, बर्मिंगहॅममध्येच जन्मलेला आणि वाढलेला, सोल्डरिंगला त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो सगळ्या बायकांना 'बॅब', म्हणजे तिकडच्या बोलीत 'बाळा', म्हणायचा, मला, साफसफाईवालीला आणि एकदा चुकून कंपनीच्या डायरेक्टर बाईंनाही.

एका सोमवारी वीज घालवून परत आणण्याची चाचणी झाली आणि फ्रिजचा अलार्म वाजायला लागला. स्क्रीनवर आलं की खालच्या कप्प्याचा सेन्सर उत्तर देत नाही. वरचा कप्पा चार अंश, व्यवस्थित. हार्डवेअरवाल्याने अलार्म गप्प केला, सेन्सर सवडीने बदलू म्हणाला आणि शहाण्या माणसासारखा दुधाचा कॅन खालच्या कप्प्यातून उचलून वरच्या कप्प्यात ठेवला.

बुधवारी चहात कण तरंगायला लागले. सगळ्यांनी सुपरमार्केटला नावं ठेवली. हार्डवेअरवाला तावातावाने तो कॅन घेऊन दुकानात गेला आणि बदलून नवा घेऊन आला. शुक्रवारी तोही गेला. जो एकटा ओटचं दूध पीत असे त्याने उगाचच सगळ्यांकडे बघून घेतलं.

मला दूध कळतं. चिंचवडला आमच्या घरी फ्रिज उशिरा आला. उन्हाळ्यात दूध तीनदा तापवायचं, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायचं, दुपारी झाकण उघडून वास घ्यायचा, यात माझं लहानपण गेलं. सुपरमार्केटमधलं सीलबंद दूध दोन दिवसांत नासत नाही. मी फ्रिजचं दार उघडलं आणि वरच्या कप्प्यात हात घातला. आत नुसताच अंधार होता, गारवा नव्हता. स्क्रीन म्हणत होती चार. मी हार्डवेअरवाल्याचा हातातला थर्मामीटर मागून घेतला आणि आत धरला. चौदा.

"स्क्रीन बिघडली वाटतं," तो म्हणाला.

स्क्रीन बिघडली नव्हती. वरच्या कप्प्याच्या सेन्सरचा कनेक्टर ढिला होऊन निघाला होता, एवढंच. फ्रिज पुन्हा सुरू झाला तेव्हा बसवर ओ द्यायला एकटा खालचा सेन्सर उरला. नंबर ठोकलेले नव्हते, म्हणून कर्नलने त्यालाच पहिला नंबर दिला. पहिला म्हणजे वरचा असं बाकी सगळ्या सॉफ्टवेअरने गृहीत धरलेलं. मग खालच्या कप्प्याचे चार अंश वरच्याचे म्हणून दिसायला लागले, आणि वर छान गार आहे या समजुतीने फ्रिजने वरचं कूलिंग बंदच ठेवलं. आणि गैरहजेरी लागली खालच्याच्या नावावर. खालच्याचा सेन्सर गेला असं समजून फ्रिज त्याला आता ठरावीक वेळाने आपोआप थंड करत होता, म्हणजे बिचारा तोच ठीक होता.

हे मला समजायला दोन मिनिटं लागली. दुधाचं काही नाही. पण हाच अलार्म हॉस्पिटलमध्ये वाजला तर तिथला माणूस काय करील? आमच्या हार्डवेअरवाल्याने जे केलं तेच. खालचा बिघडलाय म्हणून सगळी औषधं उचलून वर ठेवील. चांगल्या कप्प्यातून काढून नासवणाऱ्या कप्प्यात. आणि इन्सुलिनला दुधासारखा वास येत नाही.

हार्डवेअरवाल्याने कॅन बाहेर काढला. "मी दूध हलवलं ते मशीनने सांगितलं म्हणून," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बॅब, ती फाइल तुझीच ना?"

"माझीच," मी म्हणाले.

दुरुस्ती दोन ओळींची होती. सेन्सर दोन, ओळी दोन. कनेक्टर उपसून, लावून, पुन्हा उपसून मी ती तपासली आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी काम संपवून मॅनेजरकडे गेले.

आमचा मॅनेजर माझ्यापेक्षा वयाने लहान होता. कधी आवाज चढवायचा नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, छान पकडलंस म्हणाला आणि हे पुढच्या व्हर्जनमध्ये घालू असं सांगितलं. सर्व्हिसवाले वर्षभरात जातील तिथे तिथे आपोआप बसेल. बदलांची जी यादी असते तिच्यात मी 'स्थैर्य वाढवणाऱ्या किरकोळ सुधारणा' असं लिहावं.

मी म्हटलं, "किरकोळ नाही. हॉस्पिटलांना आजच कळवायला हवं. सॉफ्टवेअर नंतर जाऊ दे, पण खालचा अलार्म वाजला तर औषधं वर हलवू नका, एवढं तरी."

"कुठून सिद्ध झालेली तक्रार आली आहे का?"

"मला माहीत नाही. तुला माहीत असेल."

तो हसला. मग माझ्याच काळजीने बोलावं तसं म्हणाला, "त्या फॉर्मवर सही तुझी आहे. आपण मोठं पत्र काढलं तर पहिला प्रश्न तुला येईल. मी तुझ्या भल्याचं सांगतोय. आणि स्प्रिंगमध्ये तुझं व्हिसाचं रिन्यूअल आहे ना?"

शेवटचं वाक्य त्याने खिडकीकडे बघत, हवापाण्याची चौकशी करावी तसं म्हटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याने ओरडून धमकी दिली असती तर मी कदाचित घाबरले असते. पण ही असली साखरेत घोळवलेली धमकी मला अजिबात सहन होत नाही. मी बघते म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी भाजी चिरताना नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत काम करतो, पुण्याचाच, आणि माणूस शांत आहे. पण या देशात आम्ही माझ्या व्हिसावर राहत होतो. कागदोपत्री तो आणि आमची मुलगी माझ्यावर अवलंबून.

"अगं, फिक्स केलंस ना? मग झालं की. लॉगमध्ये एक्झॅक्ट वर्डिंग काय आहे ते कोण बघतं?"

"तेच ना. कोणी बघू नये असंच वर्डिंग सांगितलंय त्याने."

"हे बघ, चिडू नकोस. पण जॉब गेला तर सिक्स्टी डेज. तुझे, माझे, पिल्लूचे. मी लिटरली तुझा डिपेन्डन्ट आहे. तिचं आत्ता कुठे स्कूलमध्ये सेटल होतंय, मध्येच काढायचं? आणि तू काय सांगणार, की चूक मीच केली?"

"मीच केली."

"ते मला सांग ना. कंपनीला कशाला लिहून द्यायचं?"

मला भीती वाटत होती. ती लपवण्यात अर्थ नाही. मुलगी समोरच बसून लाकडी ठोकळ्यांचं काहीतरी रचत होती आणि तिच्या शाळेच्या स्वेटरवरचा बिल्ला मला उगाचच दिसत राहिला. साठ दिवसांत नवी स्पॉन्सरशिप देणारी कंपनी मिळवायची, नाहीतर बोऱ्याबिस्तरा गुंडाळायचा. घर, तिच्या मैत्रिणी, सगळं. एवढ्यासाठी मूग गिळून गप्प बसणारी पुष्कळ भली माणसं मला माहीत आहेत, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण चौदा अंशांतल्या औषधाची सुई कुणाला तरी टोचली जाईल, त्याच्याही घरी कुणीतरी त्याच्यावर अवलंबून असेल, आणि त्याला हे विचारायलाही कुणी जाणार नाही. तो कुणाच्याच यादीत नाही. हे मी नवऱ्याला जेवढं नीट सांगता आलं तेवढं सांगितलं.

त्याने कोथिंबिरीची जुडी पुढे ओढली. मग म्हणाला, "तू लिहिणारच आहेस. मला विचारतेयस कशाला?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

"मग निदान रागात लिहू नकोस. नीट लिही."

म्हणून मी नीट लिहिलं. सोमवारी सकाळी कोट न काढता खुर्चीत बसले आणि बदलांच्या यादीत, जिथे लोक चार शब्द लिहितात तिथे, हे लिहिलं: फ्रिज सुरू होताना वरच्या कप्प्याचा सेन्सर गैरहजर असेल तर खालच्या सेन्सरला त्याचा नंबर मिळतो. स्क्रीनवर वरच्या कप्प्याचं म्हणून खालच्याचं तापमान दिसतं आणि अलार्म चुकीच्या कप्प्याचं नाव घेतो. त्यावर विसंबून औषधं वर हलवली तर ती खराब होतील. या मॉडेलच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक फ्रिजमध्ये हा दोष आहे. मूळ फाइल मी एका सेन्सरच्या बोर्डावरून उतरवली आणि नंबर ठोकले नाहीत. चूक माझी.

मग तोच मजकूर मी क्वालिटी सांभाळणाऱ्या बाईंना पाठवला. ही माझी बहादुरी नव्हे. त्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं की सही केलेली गोष्ट खरी नाही असं पुढे लक्षात आलं तर सही करणाऱ्याने कळवलं पाहिजे. सगळे ते न वाचता सही करतात. पहिल्या वेळी मीही केली होती.

दुपारी टेस्ट रूममध्ये बोलावणं आलं. डायरेक्टर बाई, मॅनेजर, क्वालिटीवाल्या बाई, आणि दारात हात पुसत उभा हार्डवेअरवाला. त्याने सगळ्यांसाठी चहा केला होता, कोरा, कारण दूध नव्हतं. मी फार बोलले नाही. जुनं सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं, वरच्या सेन्सरचा कनेक्टर उपसला, फ्रिज बंद करून सुरू केला आणि माझ्या चहाचा वाफाळता मग वरच्या कप्प्यात ठेवून दार लावलं. काचेवर आतून वाफ धरली. स्क्रीन म्हणत होती, वरचा कप्पा चार अंश.

डायरेक्टर बाई वाकून बघत राहिल्या.

"प्रत्यक्षात कुणी गरम चहा आत ठेवत नाही," मॅनेजर म्हणाला.

"दूधही ठेवायचं नसतं," हार्डवेअरवाला म्हणाला, "पण लोक ठेवतात. आणि माझे कनेक्टर निघतात. दर वर्षी निघतात, तिथे कुलपाचे, खटक्याने पक्के बसणारे घाला म्हणून मी कधीचा सांगतोय."

मॅनेजरने मग सरळच विचारलं की मूळ फाइलवर सही कुणाची. मी म्हटलं, "माझी. ते मी लिहूनच दिलंय, तुला शोधावं लागणार नाही. दुसरं काही विचारायचं असेल तर विचार." माझा आवाज चढला होता. चढू दिला. आणि खोलीत कोणी काही बोलायच्या आत क्वालिटीवाल्या बाईंनी त्यांची फाइल उघडली.

त्यांनी सकाळी माझी मेल वाचून जुन्या तक्रारी काढल्या होत्या. कार्डिफच्या एका हॉस्पिटलमधून, एकाच फार्मसिस्टची, तीन वेळा. तिन्हींत एकच गोष्ट होती की अलार्म खालच्या कप्प्याचा वाजतो पण गरम वरचा आहे. आमच्या माणसाने जाऊन खालचा सेन्सर बदलला होता. तिन्ही तक्रारींखाली शेरा होता: दोष आढळला नाही, वापरणाऱ्याचा गैरसमज. शेरा मारणाऱ्याची आद्याक्षरं आमच्या मॅनेजरची होती. मला वाटतं त्याने ती पत्रं नीट वाचलीच नसतील. स्क्रीन म्हणते चार, तर चारच असणार, असं त्याला मनापासून वाटलं असेल. पण एका बाईने तीनदा लिहिलं की गरम आहे, आणि आम्ही तिला तीनदा सांगितलं की नाही.

संध्याकाळच्या आत हॉस्पिटलांना पत्र गेलं.

मला नोकरीवरून काढलं नाही. शाबासकीही कुणी दिली नाही, मला ती नकोही होती. वर्षाअखेर रिव्ह्यूत ते वाक्य आलं. व्हिसासाठी लागणारं कंपनीचं सर्टिफिकेट तीन वर्षांचं मिळेल असं आधी ठरलं होतं, ते एकाच वर्षाचं मिळालं, कारण विचारलं तर धोरण बदललंय म्हणाले. त्या एका वर्षात मी दुसरी नोकरी शोधली. नवरा म्हणतो, तरी वाचलो. मी म्हणते, वाचलो कसले, वर्षभर रोज मान ताठ करून त्या ऑफिसात जात होते ते बघितलंस ना?

पण त्याआधी कार्डिफ. पत्र गेलं त्याच आठवड्यात हार्डवेअरवाला तिथे कुलपाचे कनेक्टर बसवायला निघाला. मी येते म्हटलं. मॅनेजर म्हणाला, सॉफ्टवेअर तो पेन ड्राइव्हवरून चढवील, तू जायची गरज नाही. मी म्हटलं गरज मला आहे, आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. न्यूपोर्टच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये आम्ही तासभर अडकलो. त्याने त्याच्या बायकोने दिलेलं सँडविच मला अर्धं दिलं.

फार्मसी हॉस्पिटलच्या तळघरात होती. फार्मसिस्ट पन्नाशीची, ठेंगणी, केस एकदम बारीक कापलेले. तिने माझ्या कोटावरच्या व्हिजिटर स्टिकरवरचं आडनाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"तुम्ही मराठी?" ती म्हणाली. "माझा मराठी वाईट आहे, सॉरी. मी इथेच बॉर्न. माझे बाबा नागपूरचे, ते जीपी होते इथे, फॅमिली डॉक्टर."

मग तिने इंग्रजी सोडलीच नाही आणि मराठीही सोडली नाही. "मी थ्री टाइम्स लिहिला तुमच्या कंपनीला. ते म्हणाले यूझर एरर. अलार्म बोलला, खालचा खराब. मी हात घातला, खाली थंड होती, वर वॉर्म. माझा हात खोटं का बोलेल? इथे सगळे बोलले, स्क्रीन बघा ना. मी बोलली, स्क्रीन तुम्ही बघा, मी नाही बघणार."

तिने फ्रिज उघडला. खालचा कप्पा खच्चून भरलेला, एकावर एक डबे. वरचा रिकामा. त्या रिकाम्या कप्प्यात मधोमध एक साधा काचेचा थर्मामीटर दोऱ्याने टांगलेला होता, आणि काचेच्या दारावर चिकटपट्टीने एक कागद लावला होता. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. हा बघा.

अलार्मने सांगितलं त्याच्या बरोबर उलट तिने केलं होतं. सगळं खाली. कित्येक महिने, वरिष्ठांची बोलणी खाऊन. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. तिला वाटलं मला तळघरात गुदमरतंय, तिने पाणी आणून दिलं.

हार्डवेअरवाल्याने कनेक्टर बदलले, मी सॉफ्टवेअर चढवलं. मग तिच्यासमोर वरचा सेन्सर मुद्दाम काढून फ्रिज बंद-चालू केला. अलार्म वाजला: वरच्या कप्प्याचा सेन्सर उत्तर देत नाही. खालचा चार. तिने हात घालून दोन्ही कप्पे बघितले आणि मान हलवली.

"आता सांगा," ती म्हणाली, "चूक कोणाची होता?"

हार्डवेअरवाल्याला मराठी येत नाही, पण त्याला प्रश्न कळला असावा. तो टूलबॉक्समध्ये काहीतरी शोधायला लागला.

"माझी," मी म्हणाले. "ती फाइल मी लिहिली होती. तुमच्या तीन पत्रांत जे होतं ते सगळं खरं होतं."

तिने फ्रिजचं दार लावून घेतलं. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावंच तिने, मी त्यासाठीच आले होते.

"ओके," ती म्हणाली. "आलात ना तुम्ही, ते चांगला केलात. पण हा थर्मामीटर इथून नाही जाणार. तुमचा नवीन सॉफ्टवेअर चांगला असेल. तरी नाही."

हार्डवेअरवाल्याने टांगलेल्या थर्मामीटरकडे बोट करून इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की आता याची जरूर नाही, आणि नियमाप्रमाणे कप्प्यात असं काही लोंबकळत ठेवायचं नसतं.

"राहू दे," मी त्याला म्हटलं. मग तिला म्हटलं, "राहूच द्या."

दारावरच्या कागदाची एक बाजू दमट हवेने सुटली होती. मी तिच्याकडून चिकटपट्टी मागून घेतली, तुकडा तोडला आणि ती बाजू पुन्हा नीट चिकटवली.